पाठ टेकेल त्याचं मत

आपलेच दात आणि आपलेच ओठ, ही म्हण ज्याने काढली तो नक्की कुठल्यातरी पक्षाचा सभासद असणार. त्याशिवाय इतकं नेमकं सुचत नाही. विरोधी पक्षाचा माणूस रस्त्यात भेटला तर या वॉर्डातले कार्यकर्ते त्याची हसून विचारपूस करत, चहासुद्धा पाजत. तो बिचारा दर निवडणुकीला रीत म्हणून उभा राहायचा आणि रीत म्हणून पडायचा. इथे पक्षाने दगड उभा केला असता तरी निवडून आला असता. त्यामुळे खरी लढाई असायची ती दगड कोणी व्हायचं याची, आणि ती पक्षाच्या आतच व्हायची.

या वेळी तिकिटासाठी दोघे उभे होते. एक कंत्राटदार, ज्याला त्याची माणसं शेठ म्हणत. दुसरी सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेली मेट्रन. दोघांचा झेंडा जांभळा, घोषणा एकच, पोस्टरवरचा मोठा नेताही एकच. तरी एकमेकांची पोस्टरं फाडायचा असा सपाटा लागला होता की शेवटी भिंतीभिंतीवर त्या मोठ्या नेत्याचे नुसते कान उरले. विरोधी पक्षाने जन्मभर घाम गाळला असता तरी त्याला हे जमलं नसतं.

मेट्रनबाई स्वभावाने थंड. त्यांच्या गटाची खरी सेनापती होती इस्पितळाच्या लाँड्रीतली मुकादमबाई. उंचीने बेताची, पण आवाज असा की बॉयलर चालू असतानाही तिला माईक लागत नसे, आणि बॉयलर बंद असला की लोक कानात बोटं घालत. चादरी, गाद्यांच्या खोळी, डॉक्टरांचे झगे, बाळांची दुपटी, सगळं तिच्या हाताखालून जायचं. लाँड्रीत तिच्या हाताखाली बायकाच बायका होत्या. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा असून नसल्यासारखा. घरं चालत होती ती त्या वाफेवर.

शेठनी मात्र उघड सांगून टाकलं होतं. तिकीट मिळालं की इस्पितळाची धुलाई बाहेर द्यायची, मोठ्या यंत्रांवर. यंत्रं कोणाची, हे विचारायची गरजच नव्हती. म्हणजे शेठला तिकीट मिळालं की लाँड्रीला कुलूप. मेट्रनबाईंनी सांगितलं होतं की मी असेपर्यंत लाँड्री हलणार नाही, आणि मेट्रनबाईंनी दिलेला शब्द मोडल्याचं त्या इस्पितळात कुणी पाहिलं नव्हतं. मुकादमबाईला राजकारणातलं एवढंच कळत होतं, आणि एवढं पुरेसं होतं.

पंचाईत होती ती घरात. तिचा दीर शेठचा उजवा हात. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा नाक पुसायलाही शिकला नव्हता. सासू आधीच गेलेली. तेव्हा न्हाऊ घालण्यापासून डोक्यातल्या उवा काढण्यापर्यंत सगळं वहिनीनेच केलं. चारचौघांत ती त्याला रीतीप्रमाणे 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणायची. घरात लाडाने 'गाढवा'. पण खरंच चिडली की घरातही 'तुम्ही'वर यायची, आणि तिकिटाचं प्रकरण सुरू झाल्यापासून घरात 'तुम्ही'च चाललं होतं.

"भाऊजी, भाजी वाढू का तुम्हाला, की शेठकडे जेवून आलात?"

"वहिनी, टोमणे नको मारूस. शेठनी मला शब्द दिलाय. तुझ्या एकाही बाईला ते वाऱ्यावर सोडणार नाहीत."

"त्यांनी बांधलेल्या शाळेच्या भिंतीनंही शब्द दिला होता. वर्ष नाही झालं तोवर पोपडे धरून खाली आली."

"सगळं जग त्यांच्यावर जळतं म्हणून असं बोलतात."

"हो ना! आम्ही जळतो, आणि तुम्ही उजेडात फिरता."

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि भांडणं दुरुस्त करायच्या फंदात पडत नसे. तो आपलं ताट उचलून आतल्या खोलीत जायचा. "माझा पक्ष तिसरा," म्हणायचा, "जेवणाऱ्यांचा."

आता त्या शाखेतल्या मतदानाची गोष्ट सांगायला हवी, कारण अशी रीत दुसरीकडे कुठे नसेल. पूर्वी इथेही चिठ्ठ्या आणि पेटी होती. एका वर्षी मोजणीला पेट्या निघाल्या तीन, आणि तिन्ही तोंडापर्यंत भरलेल्या. तेव्हापासून शाखेचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना मास्तरच म्हणत, त्यांनी पेटी बंद केली आणि भिंत सुरू केली. सभागृह लांबलचक. डावी भिंत एका उमेदवाराची, उजवी दुसऱ्याची. घंटा झाली की दाराला कडी लागते. ज्याला जो पसंत, त्याने त्याच्या भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं. मग मास्तर वर्तमानपत्राचा कागद घेऊन प्रत्येकाच्या पाठीमागून सरकवत जातात. कागद अडला तर मत धरायचं. कागद सरकला की मत गेलं. कागद येऊन पोचेपर्यंत माणूस मोकळा, हवी तर भिंत बदलावी. उमेदवारालाही हाच नियम.

ऐकायला हसू येतं, पण त्या कागदाने भल्याभल्यांना रडवलं होतं. खुद्द मुकादमबाईला रडवलं होतं. मागच्या निवडीत समोरच्या भिंतीवरून कुणीतरी मेट्रनबाईंवर शेरा मारला, आणि ही कंबरेवर हात ठेवून दोन पावलं पुढे सरसावली, त्याचे वाभाडे काढायला. वाभाडे उत्तम निघाले. तेवढ्यात मास्तर कागद घेऊन मागून निघून गेले. मेट्रनबाई एका मताने पडल्या. त्या स्वतः एका शब्दाने बोलल्या नाहीत, म्हणून तर ते जास्त लागलं. मुकादमबाई त्या दिवशी लाँड्रीत ओल्या चादरींच्या ढिगाआड बसून हमसाहमशी रडली, आणि शेठची माणसं तिला रस्त्यात 'सरकला का कागद?' म्हणून चिडवू लागली.

म्हणून या वेळी शेठच्या गटाने फार हुशारी केली. मतदानाआधी मास्तरांनी कागदाचा नियम शब्दन्‌शब्द वाचून दाखवावा आणि कुणालाही तसूभर सवलत देऊ नये, असा त्यांनी ठरावच मांडला. मुकादमबाई पुन्हा भडकणार, पुन्हा पुढे सरसावणार, असा त्यांचा होरा होता. त्यांचा होरा चुकीचा होता असं म्हणवत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ते शेठ कसले? निवडीच्या आदल्या दिवशी त्यांनी आपल्या वाट्याची उजवी भिंत पक्षाच्या रंगाने रंगवून घ्यायचा हुकूम सोडला. फोटो काढणारा बोलावलेला होता. मागे झळाळती जांभळी भिंत, पुढे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली रांग, मधोमध शेठ, असा थाट त्यांच्या डोळ्यांपुढे होता. देखरेखीला अर्थातच दीर.

तो घरी आला तेव्हा त्याची नखं जांभळी होती आणि तोंड उतरलेलं होतं.

"वाळला का रंग?" भावाने विचारलं.

"वाळेल."

"कोणता आणला?"

"शेठच्या गोदामातलेच डबे होते. रंगारी म्हणाला, यात भेसळ आहे, हा लवकर धरायचा नाही. शेठ म्हणाले, पंखे लावा." मग वहिनीकडे न बघता तो म्हणाला, "वाळेल म्हटलं ना."

खरं तर त्याला कुणी काही म्हटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पाऊल टाकताच मेट्रनच्या गटातल्या बायकांचे चेहरे पडले. उजवी भिंत नव्या नवरीसारखी नटलेली, आणि त्यांच्या डाव्या भिंतीचा चुना हात लावला तर हाताला लागेल असा. इस्त्री करणारी बाई मुकादमबाईच्या कानाला लागली, "बाई, आपणही रंगवायला हवी होती. आपण अगदीच भणंग दिसतोय."

"दिसू दे. इथे कागद चालणार आहे, आरसा नव्हे."

म्हणाली खरी, पण तिचीही नजर सारखी समोरच्या रांगेकडे जात होती. समोर शेठची माणसं कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत हसत-खिदळत उभी होती. डोकी मोजायची गरज नव्हती. ती जास्त होती, डोळ्यांना दिसत होतं. शेठनी खास शिवलेला फिक्या रंगाचा रेशमी कोट घातला होता. मेट्रनबाई आपल्या नेहमीच्या साध्या कपड्यांत, हाताची घडी घालून, वॉर्डात फेरी मारायला आल्यासारख्या शांत.

मास्तरांनी नियम वाचला. शेठच्या गटाने टाळ्या वाजवल्या. घंटा झाली, दाराला कडी लागली, आणि सगळे आपापल्या भिंतींकडे धावले.

मुकादमबाईने टाचा भिंतीला लावल्या, कंबर लावली, खांदे लावले. भूकंप झाला तरी हलायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

तोच समोरून आवाज आला, "अगं आई गं!"

शेठच्या गटातला घोषणा देणारा धिप्पाड गडी सगळ्यांच्या आधी भिंतीला टेकला होता. तो सुटताना चर्रर्र असा आवाज झाला. मानेपासून कंबरेपर्यंत तो जांभळा झाला होता. भिंत वरून सुकल्यासारखी दिसत होती, पण आतून चिक्क ओली होती.

बाकीचे जागच्या जागी थबकले. कुणी बोट लावून बघितलं, कुणी तोंड वासून बघितलं, आणि सगळी रांग भिंतीपासून हातभर अंतरावर उभी राहिली, तापलेल्या तव्याजवळ उभं राहावं तशी.

"टेका रे! बघताय काय?" शेठ ओरडले.

"शेठ, तुम्ही टेका आधी," रांगेतून कुणीतरी म्हणालं. कोण ते कळलं नाही, पण सगळ्यांच्या मनातलं होतं.

शेठनी भिंतीकडे पाहिलं. मग कोटाच्या बाहीकडे पाहिलं. मग गळ्याशी कॉलर सारखी केली आणि भिंतीपासून चांगले वीतभर लांब, ताठ उभे राहिले. "मी टेकलोय असं समजा, मास्तर."

"समजून मत होत नाही," मास्तर म्हणाले. "कागद काही समजूतदार नसतो."

"मग निवड पुढे ढकला!"

"घंटा झाली आहे. आणि तसूभर सवलत नको, हा ठराव तुमचाच. मी वाचला तेव्हा टाळ्याही तुमच्याच होत्या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. डाव्या भिंतीवर हशा पिकला. दोघी-तिघी मान लांब करून बघायला पुढे झुकल्या, तशी मुकादमबाई गरजली, "हलू नका गं! मजा नंतर बघा! जी हलेल तिला मी बॉयलरमध्ये घालीन!" सगळ्या पाठी पुन्हा भिंतीला चिकटल्या. मास्तरांनी चष्मा सारखा केला, वर्तमानपत्राचा कागद उघडला आणि डाव्या भिंतीच्या टोकापासून सुरुवात केली.

आणि तेव्हा मुकादमबाईला दीर दिसला. त्या अख्ख्या पांढऱ्या रांगेत तो एकटा भिंतीला टेकला होता. टाचा, कंबर, खांदे, अगदी डोकंसुद्धा. शर्ट कोरा होता. डोळे समोर, ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी इंजेक्शन घेताना तो असाच उभा राहायचा. तिला त्याचा संताप आला आणि अभिमानही वाटला. मूर्ख आहे, तिच्या मनात आलं, पण दिलेला शब्द पाळणारा मूर्ख आहे, आणि तो मी वाढवलाय.

शेठला मात्र तो वेगळ्याच कारणासाठी दिसला. राग काढायला माणूस हवाच होता.

"हे सगळं तुझ्यामुळे!" ते त्याच्यापुढे जाऊन ओरडले. "तुझ्यावर सोपवलं होतं ना? साधी भिंत वाळवता येत नाही! तुझ्यासारख्याला जवळ केलं हीच माझी चूक. ज्या घरातल्या बायका लोकांची घाण धुतात, त्या घरात अक्कल कुठून येणार?"

दीर भिंतीपासून हलला नाही. फक्त त्याची मान खाली गेली.

मुकादमबाईची टाच उचलली गेली. तिला कळण्याच्या आत उचलली गेली. इस्त्रीवाली कुजबुजली, "बाई, कागद!" मास्तर पाच-सहा माणसांवर आले होते. मागच्या निवडीतला तो क्षण तिच्या डोळ्यांपुढून सरकन गेला. समोर तिचं पोर मान खाली घालून उभं, आणि पाठीमागे साऱ्या लाँड्रीचं पोट. कुठे जावं?

तिने टाच खाली ठेवली. पाठ अशी दाबली की चुन्याचे पापुद्रे खाली पडले. पाय बांधलेले होते, तोंड थोडंच बांधलं होतं?

"ए कंत्राटदार!"

पंख्यावरची कबुतरं उडाली.

"त्याला बोलायचं काम नाही! रंग तुझ्या गोदामातला, भेसळ तुझी, पंखे लावायची अक्कल तुझी, आणि तोंडसुख त्याच्यावर घेतोस? अरे, एवढ्या रांगेत एकच माणूस तुझ्या पाठीशी उभा आहे, आणि तू त्यालाच शिव्या देतोस! त्याच्या पाठीला रंग लागलाय. तुझ्या पाठीला काय लागलंय ते दाखव की लोकांना! आणि हो, धुतो आम्ही घाण! आम्ही धुतो म्हणून या शहरातली पोरं स्वच्छ चादरीवर जन्माला येतात. तूही त्याच इस्पितळात जन्मलास. तुझीही चादर आमच्याच लाँड्रीनं धुतली!"

मेट्रनबाईंच्या हाताची घडी सुटली होती आणि त्या चक्क हसत होत्या.

दिराने मान वर केली. त्याने शेठकडे पाहिलं, त्या कोऱ्या रेशमी कोटाकडे, मग कोट आणि भिंत यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे. तिथून मूल पळत गेलं असतं.

"शेठ," तो हळूच म्हणाला, "तुम्ही टेकलाच नाहीत. तुमचं स्वतःचं मतसुद्धा तुम्हाला पडायचं नाही."

मग चर्रर्र आवाज करत तो भिंतीपासून सुटला आणि सभागृहाच्या मधोमध चालू लागला.

"गद्दार!" मागून कुणीतरी ओरडलं.

"भिंत बदलतोय," तो मागे न बघता म्हणाला, "पक्ष नाही!"

डाव्या भिंतीवर टाळ्या वाजल्या नाहीत, कारण टाळी वाजवायला हलावं लागतं. पण बायकांनी असा काही गलका केला की ऐकत राहावं. त्याच्यामागून घोषणावाला निघाला. तसाही तो रंगलेलाच होता. मग आणखी काही जण खाली मान घालून निघाले. ज्याच्यासाठी शर्ट घालवायचा तो माणूसच कोट सांभाळतोय म्हटल्यावर त्यांना तिथे उभं राहायला कारण उरलं नव्हतं.

"सरक गं, त्याला जागा दे," मुकादमबाई इस्त्रीवालीला म्हणाली. दीर येऊन तिच्या शेजारी टेकला.

"वहिनी, शर्ट गेला."

"गप उभा राहा, गाढवा."

कितीतरी दिवसांनी तिने त्याला गाढव म्हटलं होतं. त्याने बाहीने डोळे पुसले आणि चेहराभर जांभळा रंग फासून घेतला.

मास्तर आले. मुकादमबाईच्या पाठीशी त्यांनी कागद घातला. अडला. त्यांनी जरा जोर लावला. कागद हलेना.

"या वेळी आहात म्हणायच्या."

"ओढून बघा ना," ती म्हणाली.

पुढचा दीर. कागद त्याच्या पाठीमागे गेला आणि रंगात असा बसला की मागेही येईना आणि पुढेही जाईना. मास्तरांनी ओढला तो टरकन फाटला. अर्धा त्यांच्या हातात, अर्धा दिराच्या पाठीवर. जन्मभर वर्गात कुणाला 'अरे'सुद्धा न म्हटलेले मास्तर हातातल्या तुकड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे मत आता कुणाच्या बापाला निघायचं नाही."

नव्या कागदाने उरलेली डावी भिंत संपवून मास्तर उजव्या भिंतीकडे गेले. तिथे फार वेळ लागला नाही. कागद सुळकन, सुळकन, सुळकन पुढे गेला. शेठच्या कोटामागून तर मास्तर स्वतःच जाऊ शकले असते. शेवटी चार-पाच जणांनी धीर करून पाठ टेकली होती, तेवढीच शेठची मतं.

मास्तरांनी निकाल सांगितला, पण तो कुणी ऐकला नाही. आनंद आधीच सुरू झाला होता. बायकांनी मेट्रनबाईंना उचललं, आणि ज्यांच्या आवाजाने अख्खं इस्पितळ शिस्तीत चालायचं त्या मेट्रनबाई "अगं पाडाल मला, पाडाल!" म्हणून पोरीसारख्या ओरडत होत्या. फोटोवाल्याने शेठचे पैसे घेतले होते, तरी त्याने फोटो डाव्या भिंतीचे काढले.

मुकादमबाई मात्र त्या गर्दीतून वाट काढत बाहेर पडली. लाँड्रीत पाळीवरच्या बायका खोळंबल्या होत्या. बॉयलर सोडून सगळ्यांना मतदानाला येता आलं नव्हतं, आणि निकाल मीच येऊन सांगेन, दुसऱ्या कुणाचं ऐकू नका, असं ती सकाळी बजावून गेली होती. ती जवळजवळ पळतच गेली. मागून दीर, पाठीवर फडफडता कागद घेऊन.

तिने दार ढकललं. वाफेत सगळ्या उभ्या होत्या, काम टाकून. एकीच्या हातात पिळलेली चादर तशीच होती, पाणी ठिबकत होतं. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

मुकादमबाईने तोंड उघडलं. ज्या आवाजाने मघाशी कबुतरं उडवली होती, तो कुठे गेला कोण जाणे. समोरच्या चेहऱ्यांकडे बघता बघता तिचे डोळे भरून वाहू लागले, आणि ते पाहून बायकांना वाटलं, गेलं. गेलं सगळं. ज्या बाईच्या हातात चादर होती ती मटकन खाली बसली.

"नाही गं!" मागून दीर जीव तोडून ओरडला. "रडत्येय ती आनंदानं! जिंकलो! लाँड्री राहिली!"

'जिंकलो' म्हणाला तो. शेठचा उजवा हात सकाळपर्यंत, आणि आता 'जिंकलो'. पण त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. बायका किंचाळल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या, ओल्या चादरी हवेत उडाल्या. कुणीतरी दिराला ओढून नाचवायला घेतलं आणि त्याच्या पाठीचा रंग दहा जणींच्या हातांना लागला.

"अगं पुरे! चादरी खोळंबल्यात! कामाला लागा!" मुकादमबाईला एकदाचा आवाज फुटला.

आयुष्यात पहिल्यांदा लाँड्रीत तिचं कुणी ऐकलं नाही. तिने आणखी एकदा ओरडून पाहिलं, मग डोळे पुसले आणि तीही त्यांच्यात घुसली.